वाकडी पट्टी

आजोबांच्या ट्रंकेतली ती सोनेरी पट्टी धुण्यात आकसून वाकडी झाली आहे, अशी दहाव्या वर्षापर्यंत माझी खात्री होती. गिरगावातलं आमचं चाळीतलं घर दोन खोल्यांचं. माळ्यावर काळी पत्र्याची ट्रंक असायची आणि दिवाळीच्या साफसफाईला, वर्षातून एकदाच, ती खाली उतरायची. झाकण उघडलं की डांबरगोळ्यांचा वास, मग पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्राची घडी आणि तिच्याखाली मांजरपाटाच्या पिशवीत दोन छोट्या फळ्या. गर्द निळ्या कापडानं मढवलेल्या. एका टोकाला चौकोनी, दुसऱ्या टोकाला निमुळत्या, आणि तिथे पितळी बटण. बटणावर नांगर, नांगरावर मुकुट. प्रत्येक फळीवर जरीच्या दोन पट्ट्या आडव्या शिवलेल्या. पण सरळ नव्हेत, नागमोडी. वरची पट्टी मध्येच एक वेटोळं घालून पुढे जायची. दोन पट्ट्यांच्या फटीत पांढरं कापड होतं, ते एव्हाना चहा सांडल्यासारखं दिसायला लागलं होतं.

आजी दरवर्षी म्हणायची, "कितीदा म्हटलं यांना, ओल्या फडक्याखाली इस्त्री फिरवते, सरळ होईल." आजोबा दरवर्षी नुसते हसायचे आणि पिशवीचं तोंड बांधून टाकायचे.

चौथीत असताना शाळेच्या पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात मला नेव्हीचा ऑफिसर व्हायचं होतं. खरं तर झाशीची राणी व्हायचं होतं, पण राण्या आधीच तीन झाल्या होत्या. आजोबांनी ट्रंक अवेळी उघडली आणि दोन्ही फळ्या माझ्या हातात दिल्या. आईनं त्या माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यांवर बसवायला चाळीखालच्या शिंप्याकडे नेल्या. शिंपी भला माणूस. त्याला वाटलं, हे काम कुणा नवशिक्यानं केलंय. एका फळीवरची खालची पट्टी त्यानं उसवली, इस्त्री केली आणि मापात, सरळ, सुबक शिवून दिली. लाटेत गुंतलेली लांबी सरळ केल्यावर अर्थातच जास्त झाली. ती त्यानं कात्रीनं कापली आणि तेवढा तुकडा प्रामाणिकपणे कागदाच्या पुडीत बांधून परत केला. वेटोळ्याला मात्र हात लावायची त्याची हिंमत झाली नाही. म्हणून उजव्या खांद्यावर वर लाट आणि खाली रूळ असा प्रकार झाला.

आईला रडू फुटायच्या बेतात होतं. आजोबांनी फळी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "चला, अर्धं प्रमोशन झालं."

मला त्यात विनोद काय ते कळेना. मग त्यांनी सांगितलं आणि पुढची पंधरा वर्षं, ते जाईपर्यंत, तुकड्यातुकड्यानं सांगत राहिले.

आजोबा खऱ्या नेव्हीत नव्हते. म्हणजे नेव्हीत होते, पण रॉयल इंडियन नेव्हल व्हॉलंटिअर रिझर्व्हमध्ये. पेशानं हिशेबनीस, युद्ध सुरू झालं म्हणून अर्ज केला आणि घेतले गेले. त्या काळी ब्रिटिश आरमारात आणि त्याच्या नमुन्यावर चालणाऱ्या आपल्याकडच्या आरमारात माणसाची सगळी कुंडली त्याच्या बाहीवर किंवा खांद्यावर मांडलेली असे. किती पट्ट्या हे हुद्द्यासाठी, हे तर कुणालाही कळेल. पण पट्टी कशी वळते, यावरून तुमची जात कळायची. मी हा शब्द मुद्दाम वापरतेय, आजोबाही हाच वापरायचे. सरळ पट्टी म्हणजे कायम नोकरीतला, पोरवयापासून आरमारात वाढलेला. दोन बारीक नागमोडी फिती एकमेकींत वेणीसारख्या गुंफलेल्या असतील तर तो रिझर्व्हचा, म्हणजे एरवी व्यापारी जहाजांवर काम करणारा दर्यावर्दी. विलायतेत हे रिझर्व्ह १८५९च्या कायद्यानं उभं राहिलं. आणि नुसतीच नागमोडी पट्टी असेल तर तो व्हॉलंटिअर रिझर्व्हचा. वकील, कारकून, मास्तर, विमा एजंट, कुणीही. ही तिसरी शाखा विलायतेत १९०३ची. समुद्राशी त्याचा संबंध बहुतेक वेळा चौपाटीपुरता.

विलायतेत या तिसऱ्या जातीला 'वेव्ही नेव्ही' म्हणत. लाटवाली नेव्ही. ते कौतुकाचं नाव नव्हतं. आजोबांना त्या काळातली एक इंग्रजी कोटी तोंडपाठ होती आणि ती ते मराठीत अशी सांगायचे: "रिझर्व्हवाले म्हणजे सभ्य गृहस्थ होऊ बघणारे खलाशी. व्हॉलंटिअर म्हणजे खलाशी होऊ बघणारे सभ्य गृहस्थ. आणि सरळ पट्टीवाले म्हणजे दोन्ही नसून दोन्ही होऊ बघणारे." शेवटचं वाक्य म्हणताना ते दरवाजाकडे एक नजर टाकायचे. सरळ पट्टीचा कुणी साहेब १९८० साली आमच्या चाळीच्या जिन्यात उभा असण्याची शक्यता कमीच होती, पण सवय.

चिन्ह ठरवणाऱ्याचा हेतू आणि चिन्ह मिरवणाऱ्याचा हेतू यांची गाठ पडेलच असं नाही, हे मला त्या पट्टीवरून पहिल्यांदा कळलं. लाट मुळात काढली ती ओळख पटावी म्हणून. हा आपल्यातला, पण पूर्ण आपला नव्हे. याच्या हाती जहाज देण्याआधी दोनदा विचार करा. पण दुसरं महायुद्ध संपेपर्यंत ब्रिटनच्या आरमारातले बहुसंख्य अधिकारी या लाटवाल्यांपैकीच होते. कॉर्व्हेट म्हणजे छोट्या लढाऊ नौका, सुरुंग काढणाऱ्या बोटी, मोटर टॉर्पेडो बोटी, सगळीकडे तेच. ज्या खुणेनं त्यांना बाजूला काढलं होतं तीच ते छाती काढून दाखवायला लागले. आणि १९५१च्या सुमाराला ब्रिटिश आरमारानं ठरवलं की आता भेदभाव नको, सगळ्यांची पट्टी सरळ. रिझर्व्हवाल्यांच्या वेटोळ्यात फक्त एक छोटं 'आर' अक्षर राहील. आमच्या चाळीखालच्या शिंप्यानं एकट्यानं जे केलं तेच तिथे सरकारी हुकमानं झालं. कित्येक लाटवाल्यांना ते रुचलं नाही म्हणे. मला त्यांचं दुःख कळतं. कमीपणाची खूण काढून घेतली तर माणसानं खूश व्हायला हवं, पण तोवर ती खूण त्याची झालेली असते.

आता पांढऱ्या कापडाचं.

पट्ट्यांच्या मधल्या फटीतला रंग म्हणजे कामाची शाखा. डॉक्टरला तांबडा, इंजिनिअरला जांभळा, हिशेब आणि कोठार सांभाळणाऱ्याला पांढरा. माझा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता. तो प्रत्येक लग्नकार्यात सांगायचा की त्यांच्या पट्टीतला जांभळा रंग टायटॅनिकवर शेवटपर्यंत इंजिनरूममध्ये थांबलेल्या इंजिनिअरांच्या सन्मानार्थ राजानं दिला. गोष्ट सुरेख आहे, डोळ्यांत पाणी येतं. फक्त टायटॅनिक बुडालं १९१२ साली आणि ब्रिटिश आरमारानं इंजिनिअरला जांभळा रंग दिला १८६३ साली. हे मी त्याला एकदाच सांगितलं. पुढच्या लग्नात त्यानं गोष्ट पुन्हा सांगितली, माझ्याकडे न बघता. चिन्हांचं हे असंच असतं. नियम काढणाऱ्या कारकुनानं रंग निवडलेला असतो, अर्थ मागाहून माणसं भरतात, आणि भरलेला अर्थ मूळ कारणापेक्षा चांगला असेल तर त्याला कुणी हलवू शकत नाही.

आजोबांचा पांढरा रंग मात्र कुठल्याच गोष्टीत नव्हता. पांढरा म्हणजे पगारपत्रक, गणवेशाचे ताके, पीठ, डाळ, तूप. "बंदूक मी एकदाच उचलली," ते म्हणायचे, "तीसुद्धा यादीत नंबर टिपायला."

पण आरमाराच्या गोष्टी त्यांच्याकडे होत्या, आणि त्यातली एक ते दर दिवाळीला सांगायचे. १९३४ साली मुंबईत रॉयल इंडियन मरीनची रॉयल इंडियन नेव्ही झाली. १९३९ साली युद्ध आलं तेव्हा या नेव्हीकडे लढाऊ जहाजं जेमतेम आठ. युद्ध संपेपर्यंत माणसं पंचवीस हजारांच्या वर गेली होती. एवढे अधिकारी आणायचे कुठून? रिझर्व्हमधून. ११ नोव्हेंबर १९४२. 'बेंगॉल' नावाची छोटी कॉर्व्हेट, ऑस्ट्रेलियात नुकतीच बांधलेली, 'ओन्डिना' या डच टँकरला सोबत करत हिंदी महासागर ओलांडत होती. समोरून दोन जपानी जहाजं आली, 'होकोकू मारू' आणि 'आयकोकू मारू'. प्रत्येकी दहा हजार टनांवरची, मोठ्या तोफांची. 'बेंगॉल' साडेसहाशे टनांची, आणि पुढच्या डेकवर एकच बारा पौंडी तोफ. तिनं टँकरला निघून जायला सांगितलं आणि स्वतः सरळ त्या दोघांवर चाल केली.

इथे आजोबा थांबायचे, फराळाच्या ताटातल्या दोन अनारशांसमोर एक शंकरपाळा ठेवायचे, आणि शंकरपाळा पुढे सरकवायचे.

थोड्या वेळानं 'होकोकू मारू'वर गोळा लागला, आग लागली आणि ते जहाज फुटून बुडालं. गोळा 'बेंगॉल'चा की 'ओन्डिना'च्या तोफेचा, यावर अजून वाद आहे. डच कप्तान त्या लढाईत गेला. पण दोन्ही जहाजं बंदराला लागली. "आणि 'बेंगॉल'चा कप्तान कोण?" आजोबा विचारायचे. उत्तर आम्हा सगळ्या नातवंडांना पाठ होतं, आम्ही एका सुरात ओरडायचो: "लेफ्टनंट कमांडर विल्सन, रिझर्व्ह!" मग एक अनारसा त्यांच्या तोंडात जायचा.

विल्सनची पट्टी वेणीची होती, आजोबांची लाटेची. म्हणजे तशी जात वेगळीच. पण अभिमानाच्या वेळी आजोबा इतके बारकावे बघत नसत.

दुसरी गोष्ट त्यांनी दिवाळीला कधीच सांगितली नाही.

१८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याच्या 'तलवार' या सिग्नल शाळेत खलाशांनी काम बंद केलं. घोषणा अगदी साधी होती, अन्न नाही तर काम नाही. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, युद्ध संपल्यावर घरी पाठवतानाचा कोडगेपणा, आणि या सगळ्याखाली धुमसणारं स्वातंत्र्याचं राजकारण. दोन दिवसांत बंड मुंबईच्या बंदरभर आणि कराचीपर्यंत पसरलं. जहाजांवरचं निशाण खाली आलं, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि लाल बावटा असे तीन झेंडे वर गेले. २१ तारखेला फोर्टातल्या कॅसल बॅरॅकवर गोळीबार झाला. २२ला गिरण्या बंद पडल्या, लालबाग-परळच्या रस्त्यांवर लष्करानं गोळ्या घातल्या, दोन दिवसांत दोनशेहून जास्त माणसं मेली. २३ला खलाशांनी शरणागती पत्करली.

खलाशी म्हणजे खांद्यावर सोनेरी पट्टी नसलेली माणसं. आजोबांच्या खांद्यावर ती होती. सरळ की वाकडी, हा फरक सोन्याच्या आतला. खालून बघणाऱ्याला सोनं तेवढं सोनंच दिसतं. आणि त्या सोन्याच्या फटीत पांढरा रंग, म्हणजे पीठ आणि डाळ.

मी कॉलेजात असताना, बंडावर निबंध लिहायचा म्हणून, त्यांना थेट विचारलं. तुम्ही तेव्हा कुठे होतात? ते म्हणाले, गोदीतल्या एका कचेरीत. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, "डाळीत खडे होते गं. मी मोजून घेतलेली डाळ होती ती. वजन बरोबर होतं."

निबंधात मी ते वाक्य लिहिलं नाही. कुठे लिहायचं तेच कळलं नाही. देशभक्तीच्या रकान्यात बसेना, गुन्ह्याच्या रकान्यातही बसेना. कुलाब्याला त्या बंडाचं स्मारक आहे, जहाजाचं चक्र धरून उभा असलेला खलाशी. त्याच्यावरून बसनं जाताना मला दरवेळी वजनकाटा आठवतो.

बंडाच्याच वर्षी, १९४६ साली, आजोबा आरमाराच्या नोकरीतून मोकळे होऊन घरी आले आणि पुन्हा हिशेबनीस झाले. कॅसल बॅरॅकचा तो तळ पुढे १९५१ साली 'आयएनएस आंग्रे' झाला. इंग्रजांनी ज्या कान्होजीला चाचा म्हणून हिणवलं त्याचंच नाव इंग्रजांच्या किल्ल्याला. याहून चांगला सूड चिन्हांच्या जगात मी पाहिलेला नाही. २६ जानेवारी १९५०ला बटणावरचा मुकुट जाऊन सारनाथचे सिंह आले होतेच. आरमारानं 'शं नो वरुणः' हे ब्रीद घेतलं. निशाणावरचा सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस मात्र राहिला, २००१ साली गेला, २००४ साली परत आला, आणि २ सप्टेंबर २०२२ला कोचीत नवं 'विक्रांत' दाखल झालं त्या दिवशी पुन्हा गेला. आता त्या जागी शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. त्या दिवशी टीव्हीवर सोहळा बघताना माझ्या मनात आलं ते जरा भलतंच होतं. अष्टकोन आला, छान झालं. पण लाट कधी गेली याचा सोहळा कुणी केला नाही.

आजोबांना स्वतःला एवढं वाईट वाटत नसावं. त्यांच्या दृष्टीनं लाटेचा हिशेब १९७१ साली चुकता झाला होता. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, 'खैबर' आणि 'मुहाफिज' ही पाकिस्तानी जहाजं बुडवली. चार दिवसांनी दुसरा हल्ला, किमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. नौदलप्रमुख होते ॲडमिरल सरदारीलाल मथ्रादास नंदा. लहानपण गेलेलं कराचीच्याच तोंडावरच्या मनोरा बेटावर, त्यामुळे ज्या बंदरावर हल्ला करायचा ते त्यांच्या अंगणासारखं. हे सगळ्या मुंबईला वर्तमानपत्रातून कळलं असेल. आजोबा मात्र वर्तमानपत्र घेऊन चाळीच्या गॅलरीत शेजारपाजाऱ्यांना वेगळीच माहिती देत फिरत होते, असं आजी सांगायची. नंदा १९४१ साली आरमारात आले ते व्हॉलंटिअर रिझर्व्हमधून! "लाटवाला आहे," ते म्हणत, "आमच्यातला." शेजाऱ्यांना वाटलं, नंदा हे आडनाव आमच्या नात्यात आहे.

गेल्या वर्षी गिरगावातलं घर रिकामं केलं. चाळ पाडून टॉवर होणार, सगळ्यांचं होतं तसं. ट्रंक माझ्याकडे आली. कसर लागून गणवेश केव्हाच संपला होता, फळ्या तेवढ्या होत्या, आणि कागदाच्या पुडीत शिंप्यानं कापलेला बोटभर तुकडासुद्धा. उजवी फळी दुरुस्त करावी असं मनात आलं. कुणासाठी, ते विचारू नका. मुलगा म्हणाला, "फ्रेम कर की, अर्धी वाकडी अर्धी सरळ, तीच खरी स्टोरी आहे." त्याचंही बरोबर असेल, पण मला ती स्टोरी नको होती, पट्टी हवी होती.

भुलेश्वरला जरीचं सामान मिळणाऱ्या गल्लीत दोन दिवस फिरले. पहिल्या दुकानात अशी फीत आता येत नाही म्हणाले. दुसऱ्यात प्लास्टिकची चकाकणारी लेस दाखवली. बँडवाल्यांच्या कोटाला असते तसली. तिसऱ्या ठिकाणी, माडीवर, पाच-सहा कारीगर आडव्या लाकडी चौकटीवर घागऱ्याचं काम करत बसले होते. त्यातल्या वयस्कर माणसानं सुई बाजूला ठेवली, फळी गुडघ्यावर घेतली आणि नखानं जरीची फीत जरा उचलून पाहिली. "आतली तार चांदीची असावी," तो म्हणाला. मग डाव्या फळीवरची लाट अंगठ्यानं मापली, उजवीवरची सरळ पट्टी पाहिली आणि मला भीती होती तेच बोलला.

"ताई, ही एक सरळ आहे. बाकीच्या तीन सरळ करून देऊ का?"

मी उलटं सांगितलं. तो गोंधळला, पण हसला नाही. बटर पेपर मागवला, डाव्या फळीवरून लाट छापून घ्यायची तयारी केली. कमी पडणाऱ्या लांबीसाठी पुडीतला तुकडा जोडून घेऊ म्हणाला, जोड वळणात लपेल. मग उजव्या फळीवरचे शिंप्याचे टाके एकेक करून कापले आणि सरळ पट्टी अलगद उचलली.

खाली कापडावर लाट होती. जरीखाली दबलेलं निळं कापड तेवढ्या जागेत अजून गर्द, बाजूचं विटलेलं, आणि कडेनं जुन्या सुईची भोकं, मुंगीच्या रांगेसारखी, वर जाऊन खाली येणारी.

त्यानं बटर पेपरची घडी करून परत ठेवली. "हे लागणार नाही," तो म्हणाला. "गुरुवारी या."